दानाच्या गोधड्यांसाठी परवडणारी भर: पॉलिफिल शीट, पिंजलेला कापूस की जुन्या साड्या?

आश्रमशाळांतील मुलांसाठी किंवा वृद्धाश्रमांसाठी गोधड्या शिवणाऱ्या महिला गटांना वरच्या कापडाची चिंता फारशी करावी लागत नाही, कारण शिंप्याकडचे तुकडे आणि घरोघरच्या साड्या लोक आपणहून आणून देतात. पैसे मोजावे लागतात ते आतल्या भरीसाठी, आणि नेमकी तीच डोळ्यांआड राहत असल्याने तिच्यात काटकसर करण्याचा मोह होतो. आमच्या गटाने बाजारात सहज मिळणारे प्रकार शिवून आणि धुऊन पाहिले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, दानाच्या गोधडीची भर दुकानात हाताला किती मऊ लागते यावर निवडू नये, ती धुण्यात किती टिकते यावर निवडावी. वसतिगृहातील मूल ती नळाखाली धुणार, पिळणार आणि कुंपणावर वाळत घालणार असते.

गाद्या-रेक्झिनच्या दुकानांत तागा उलगडून मीटरवर मिळणारी पॉलिस्टरची पॉलिफिल शीट हा आज सर्वांत सोयीचा पर्याय आहे. तिची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, या हिशेबाने सांगतात. पाच फूट बाय साडेसात फुटांच्या गोधडीला साधारण साडेतीन चौरस मीटर शीट लागते. म्हणजे 150 जीएसएमची शीट घेतली तर भरीचे वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास आणि 200 जीएसएमची घेतली तर सातशे ग्रॅम होते. पुणे-मुंबईच्या थंडीला 100 जीएसएम चालून जाते. परंतु निफाड, धुळे किंवा सातपुड्यातल्या तोरणमाळसारख्या ठिकाणी पाठवायच्या गोधडीत 150 पेक्षा कमी भर घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. 200 च्या वर मात्र घरगुती शिलाई मशीनच्या दाबपट्टीखालून तीन थर सरकवणे अवघड जाते आणि टाके सुटू लागतात.

सांगितलेले वजन खरे आहे की नाही, हे दुकानातच पाहावे. साठ इंच पन्ह्याची एक मीटर शीट 150 जीएसएमची असेल तर ती काट्यावर 230 ग्रॅमच्या जवळपास भरली पाहिजे. एका दुकानात आम्हाला 150 म्हणून दिलेली शीट मोजली तेव्हा ती बरीच कमी भरली, आणि मोठी खरेदी असेल तेव्हा असा फरक गोधडीमागे गोधडी वाढत जातो. वजनानंतर शीट उजेडासमोर धरावी. मधे मधे पातळ, आरपार दिसणारे चट्टे असतील तर तिथे ऊब राहणार नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते शीटमधले तंतू कशाने धरून ठेवले आहेत हे. सर्वांत स्वस्त शीटवर गोंदासारखा चिकट थर फवारलेला असतो आणि तिचा पृष्ठभाग बोटांना किंचित खरखरीत लागतो. उष्णता देऊन तंतू एकमेकांत वितळवलेली किंवा सुयांनी टोचून गुंतवलेली शीट थोडी महाग असते. आम्ही दोन्हींचे एकेक फूट चौकोन जुन्या सुती कापडात शिवून बादलीत चोळून धुतले. गोंदाच्या शीटची भर एका कोपऱ्यात गोळा झाली आणि टाक्यांच्या भोकांतून पांढरे तंतू बाहेर डोकावू लागले. उष्णतेने जोडलेली शीट जरा चपटी झाली, पण जागची हलली नाही. मीटरमागे वाचणाऱ्या थोड्या पैशांसाठी पहिली शीट घेणे मला अजिबात पटत नाही.

पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेल्या कापसाची ऊब आणि अंगाला मिळणारा सुखद जडपणा वादातीत आहे, आणि ज्या घरात उन्हाची गच्ची आहे तिथे मी तोच सुचवेन. संस्थेला द्यायच्या गोधडीसाठी मात्र तो गैरसोयीचा ठरतो. सुटा कापूस धुतला की गोळे धरतो, दोन-दोन इंचांवर धावदोरा घातल्याशिवाय जागेवर राहत नाही, आणि भिजलेली रजई पावसाळ्यात दिवसेंदिवस ओली राहून तिला कुबट वास येतो. पॉलिस्टरचे तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाहीत, त्यामुळे ती गोधडी पिळून टाकली की लवकर वाळते. मात्र पॉलिस्टर ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. जिथे मुले शेकोटीजवळ किंवा चुलीपाशी गोधडी पांघरून बसतात, तिथे निदान वरचे कापड आणि अस्तर जाड सुती असावे, आणि ही सूचना संस्थेलाही स्पष्ट सांगावी.

पानिपतहून येणारी, जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यांपासून विणलेली स्वस्त ब्लँकेटे भर म्हणून वापरण्याचा सल्ला अनेक जण देतात. ऊब चांगली मिळते, पण सुई जड जाते आणि धुतल्यावर वजन पेलवत नाही.

आपल्या आजी-पणजींनी वापरलेली भर, म्हणजे जुन्या सुती साड्या आणि धोतरे, अजूनही सर्वांत स्वस्त आहे, कारण तिला पैसेच पडत नाहीत. वापरून मऊ झालेले सूत आणखी आटत नाही आणि टाका छान धरते. नायलॉनच्या आणि सिंथेटिक साड्या मात्र बाजूला काढाव्यात. त्या आत सरकतात आणि चुरगळून उंचवटे करतात. आता सुती साड्या पुरेशा जमत नसल्याने आम्ही मधला मार्ग धरला आहे: सुती साडीचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये 100 जीएसएमची उष्णतेने जोडलेली शीट. त्या गोधडीला चार-चार बोटांवर धावदोरा पुरतो, ती 150 च्या नुसत्या शीटइतकी उबदार लागते, आणि खर्च शीटच्या पातळ थराचाच येतो. माझी पहिली पसंती हीच आहे.

कापताना उरलेल्या पट्ट्या टाकू नयेत. त्यांच्या कडा एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी लावून मोठ्या तिरक्या टाक्यांनी जोडल्या की लहान मुलाच्या गोधडीची भर तयार होते आणि जोड हाताला लागत नाही. तागा एकदम घेतला तर भाव खाली येतो. तो घडी घालून, वर सामान रचून ठेवू नये, कारण दबलेली शीट पुन्हा पुरती फुलत नाही.