युरोप: ग्रुपबरोबर की आपलं आपण? आई-बाबा आणि मुलं सोबत असतील तर

आमच्या घरात दोन्ही प्रकार करून झालेत. आधी आई-बाबांना घेऊन मराठी ग्रुपबरोबर पंधरा दिवसांत सात देश. तीन वर्षांनी आम्ही चौघंच, दहा दिवस, फक्त स्वित्झर्लंड. त्यामुळे ‘कसं जावं?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, सोबत कोण आहे? आणि तुमच्यातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस किती हळू चालतं?

ग्रुपचा दिवस आकड्यांवर चालतो. टूर मॅनेजरने बसमध्ये माइकवरून ‘उद्या सहा-सात-आठ’ म्हटलं की सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. हा जाच उगाच नसतो. युरोपातल्या नियमांप्रमाणे ड्रायव्हरला एरवी दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि सगळी नोंद गाडीतल्या यंत्रात होते. त्यामुळे ऱ्हाइनच्या धबधब्यापाशी कोणी फोटोपायी वीस मिनिटं उशीर केला, तर ती पुढच्या मुक्कामातून वजा होतात. बँकेत जन्म गेलेल्या माझ्या बाबांना ही शिस्त फार आवडली. सात वर्षांचा मुलगा मात्र तिसऱ्या दिवशी ‘परत बस?’ म्हणून भोकाड पसरून मोकळा झाला.

ब्रोशरमध्ये देश किती हे आपण पाहतो, हॉटेल कुठे आहे हे पाहत नाही. व्हेनिस लिहिलेलं असतं, रात्र बऱ्याचदा बाहेर, मेस्त्रे किंवा पाडोव्याला काढायची असते. पॅरिसचंही हॉटेल अनेकदा उपनगरात. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळायला रात्रीचे पावणेदहा-दहा वाजतात. आपलं पोळी-भाजीचं जेवण सात-साडेसातला उरकलेलं, आणि त्यानंतरचं ते सोनेरी ऊन हॉटेलच्या पार्किंगवर पडलेलं बघायचं. चालणंही बरंच असतं. व्हेनिसला बस त्रोंकेत्तोच्या पार्किंगपर्यंतच, तिथून बोट, आणि उतरल्यावर पायऱ्यांचे पूल. गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच ‘कुठल्या दिवशी किती चालायचं आहे?’ हे विचारून घ्यावं. ‘थोडंसं’ या उत्तरावर थांबू नये.

पण आईला विचाराल तर ती ग्रुपलाच मत देईल. का, तर जेवण आणि माणसं. कुठल्याही गावात गरम वरण-भात समोर येतो, मेनूतलं मांस कोणतं हे ओळखत बसावं लागत नाही. बसमध्ये रोज जागा बदलतात, त्यामुळे आठवड्याभरात नाशिकच्या काकू, ठाण्याचे आजोबा सगळे ओळखीचे होतात. तिला आयफेल टॉवरपेक्षा त्या काकूंच्या सुनेची गोष्ट जास्त लक्षात आहे. स्वतः आखलेल्या सहलीत ही सोबत मिळत नाही. आणि वृद्ध माणसं दिवसभर फक्त मुला-नातवंडांच्या तोंडाकडे बघून कंटाळतात, हे आपण सहसा मान्य करत नाही.

आपलं आपण जाण्यातली खरी चैन म्हणजे हवा बघून बेत बदलणं. स्वित्झर्लंडमधलं बर्फाचं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर. ग्रुपचा दिवस महिनोन्महिने आधी ठरलेला असतो, त्या दिवशी ढग असले तर पांढऱ्यावर पांढरं बघून परत यायचं. आम्ही सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्यांची थेट दृश्यं मोबाइलवर बघायचो. दोन दिवस ढग होते, म्हणून त्यातल्या एका दिवशी रिगी नावाच्या डोंगरावर गेलो. रिगी १,८०० मीटरच्या आत-बाहेर, धाप लागत नाही, आणि फित्सनाउहून वर जाणारी दातेरी रुळांची गाडी १८७१ पासून धावतेय, युरोपातली डोंगर चढणारी पहिली. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये (पर्यटकांसाठीचा रेल्वे-बस-बोटीचा एकत्र पास) ती फुकट आहे. युंगफ्राउयोख फुकट नाही, वरच्या टप्प्याला फक्त सवलत मिळते. रक्तदाबाचा त्रास असलेल्या आजी-आजोबांसाठी मी डोळे मिटून रिगीच सुचवेन.

पैशाचं गणित लहान मुलांपाशी फिरतं. आई किंवा बाबा पास घेऊन सोबत असले की सोळा वर्षांखालच्या मुलांना स्विस फॅमिली कार्डावर रेल्वे, बस, बोट फुकट. पॅरिसच्या लुव्रमध्ये अठरा वर्षांखाली तिकीटच नाही. ग्रुपमध्ये मुलाचेही पैसे पडतात. उलट स्वित्झर्लंडमध्ये बाहेर जेवायला बसलात की ती सगळी बचत दोन रात्रींत संपते. आम्ही किचन असलेली जागा घेतली होती. पोहोचलो रविवारी, गावातली दुकानं बंद, स्टेशनवरचं उघडं असतं हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री घरून नेलेले तांदूळ आणि मेतकूट कामी आले. (पेढे, तूप, पनीर नेऊ नका. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे.) टूरच्या किमतीवर ५ टक्के जीएसटी आणि वर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने आधीच कापून घेतलेला आयकर, लागतो. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, पण पैसे तोवर अडकतात.

व्हिसात फारसा फरक नाही, एवढंच की ग्रुपवाले कागद लावून देतात. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाला ४५, त्याखाली काही नाही. किमान ३०,००० युरोचा विमा दोन्हीकडे हवाच. आई-बाबांचे जुने आजार त्यात धरलेत का, ते मात्र स्वतः वाचा. ग्रुपमध्ये कोणी आजारी पडलं तर टूर मॅनेजर दवाखान्याची सोय बघतो, पण बस पुढे जाते.

आता मला कोणी आधी सांगितली नव्हती ती गोष्ट. आपण आखलेल्या सहलीतही एक टूर मॅनेजर असतो. तो घरातलाच एक असतो आणि बिनपगारी असतो. आमच्याकडे ती मी होते. ब्रिएन्झच्या तळ्यावर बोटीत सगळे पाण्याचा हिरवा-निळा रंग बघत होते आणि मी मोबाइलवर पुढच्या गाडीचा प्लॅटफॉर्म शोधत होते. तो रंग मला घरी आल्यावर फोटोंत दिसला. हे काम दोघांत वाटून घेता येणार नसेल, तर ग्रुपचे जास्तीचे पैसे महाग नाहीत. खात्री नसेल तर आधी सगळ्यांनी मिळून दोन दिवसांची अष्टविनायक यात्रा बसने करा. लेण्याद्रीच्या पायऱ्या कोण चढतं, कोण खाली थांबतं, चहासाठी बस कोण थांबवायला लावतं आणि त्यावर कोण चिडतं, सगळं तिथेच कळेल.

पुढच्या मे महिन्यात आई-बाबा ज्येष्ठांच्या ग्रुपबरोबर जाताहेत आणि आम्ही चौघं आमचे. त्यांचा मुक्काम एंगेलबर्गला आहे त्याच दिवसांत आम्ही लुत्सर्नला असू, रेल्वेने पाऊण तासाच्या आत. एका संध्याकाळी त्यांना आमच्याकडे जेवायला आणू का, असं मी टूर मॅनेजरला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, ‘आणा की, फक्त नऊच्या आत परत सोडा. दुसऱ्या दिवशी पाच-सहा-सात आहे.’