‘३० मिली’च्या कार्ट्रिजमधून निघाली ८ ग्रॅम शाई

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि प्रिंटचं दुकान आहे. वारस नोंदीचे अर्ज, भाडेकरार, जूनमध्ये ॲडमिशनचे फॉर्म. प्रिंटर कॅननचा, त्यात पीजी-४७ ही काळी कार्ट्रिज बसते. तिच्यात १५ मिली शाई असते आणि कंपनी ४०० पानं सांगते. माझी पानं भरगच्च असतात, म्हणून मला साडेतीनशेच्या आसपास मिळतात. कोणती कार्ट्रिज कधी घातली आणि किती पानं झाली, हे मी वहीत लिहिते. ती वही नसती तर पुढची लबाडी मला कळलीच नसती.

मेच्या शेवटी एकजण बॅग घेऊन दुकानात आला. “ताई, ओरिजिनलला कशाला एवढे पैसे घालता? ही रिफिलेबल घ्या. १५च्या जागी ३० मिली, आणि संपली की सिरिंजने परत भरायची.” कार्ट्रिजवर खरंच ‘३० मिली’चं स्टिकर होतं. सीझन तोंडावर होता. ४५० रुपयांना एक अशा सहा घेतल्या, शिवाय शाईची बाटली. बिल मागितलं तर म्हणाला, “बिलात घेतली तर जीएसटी लागेल.” पैसे त्याच्या मोबाईल नंबरवर यूपीआयने दिले. जाताजाता सांगून गेला की शाई संपल्याची सूचना आली तर घाबरू नका, स्टॉपचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, सूचना जाते.

सूचना गेली खरी. पण त्या बटणाने शाईची पातळी दाखवणंच बंद होतं. भरलेली कार्ट्रिज प्रिंटरला रिकामीच वाटते, त्यामुळे रिफिल करणारे सगळेच ते बटण दाबतात, त्यात गैर काही नाही. मात्र आत किती शाई आहे हे दाखवणारं त्यानंतर काही उरत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

पहिली कार्ट्रिज १९० पानांवर फिकी पडली. दुसरी १८० वर. तिसरीच्या वेळी ॲडमिशनवाल्यांची रांग होती. मी छापत राहिले आणि पानावर पांढऱ्या रेघा आल्या त्या आल्याच. या कार्ट्रिजचं हेड, म्हणजे शाई कागदावर फेकणारा भाग, तिच्यातच असतो. शाई तापवून थेंब बाहेर फेकला जातो. शाई नसताना हेड तापत राहिलं तर नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, जळतात. मग वरून कितीही शाई भरा, उपयोग नाही.

आमच्या शेजारी सराफाचं दुकान आहे. त्यांच्या काट्यावर मी न वापरलेली कार्ट्रिज तोलली, मग ती छापून संपवली आणि परत तोलली. फरक ८ ग्रॅम. तसंच ओरिजिनलचं केलं, फरक १४ ग्रॅम. एक मिली शाई म्हणजे साधारण एक ग्रॅम, किंचित जास्तच. थोडी शाई आतल्या स्पंजमध्ये राहतेच. तरी ३० मिलीचे ८ ग्रॅम कसे होतील? लेबल सोलून पाहिलं. कवच वापरून झालेल्या ओरिजिनलचंच होतं. भोक पाडून वर रबरी बूच बसवलं होतं. आतला स्पंज तेवढाच, मग ३० मिली मावणार कुठे? जास्त भरली तर खालून गळते.

या सगळ्यात मला सर्वांत लागलं ते वेगळंच. एका आजोबांचा वारस नोंदीचा अर्ज मी त्या बाटलीतल्या शाईने छापला होता. बाहेर पाऊस होता. ते परत आले तेव्हा कागदावर त्यांच्या वडिलांच्या नावाचा निळसर डाग झाला होता. पीजी-४७ची मूळ काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते, पाण्याचा थेंब सहन करते. बाटलीतली पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची होती. मी अर्ज पुन्हा छापून दिला, पण त्यांचा दिवस गेला तो गेलाच.

माझं रिफिलशी भांडण नाही. चौकातले झेरॉक्सवाले काका वर्षानुवर्षं भरून देतात, आणि किती मिली भरली ते डोळ्यांदेखत सिरिंजवर दाखवतात. भांडण खोट्या आकड्याशी आहे. नुसत्या मिलीवर जाऊही नका. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरची ००३ काळी बाटली ६५ मिलीची, तिच्यावर ४५०० पानं सांगतात, म्हणजे मिलीला जवळपास ७०. पीजी-४७ला मिलीमागे २७ सुद्धा नाहीत. तेव्हा तुमच्या प्रिंटरवर पानं किती, ते विचारा. आणि एक घेऊन, तोलून, छापून बघितल्याशिवाय सहा घेऊ नका.

त्या माणसाचा फोन आता बंद लागतो. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे फक्त यूपीआयची नोंद आणि पाकिटाचे फोटो. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही. २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे हे सगळं छापावंच लागतं. म्हणून वैधमापन, म्हणजे वजनमापांच्या कार्यालयातही अर्ज दिला आहे.

उरलेल्या दोन कार्ट्रिज मी फोडलेल्या नाहीत. वजन लिहून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत. तुमच्या दुकानात कुणी ‘३० मिली’ म्हणत आला, तर आधी येऊन या बघून जा.