टाइमलॅप्स इन्क्युबेटर घ्यावा की चांगला बेंचटॉप?

नाशिकमध्ये आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅब उभी करणारे दोघेतिघे हेच विचारून गेले, म्हणून एकदाच लिहितो. इन्क्युबेटर म्हणजे भ्रूण वाढवायची उबदार पेटी; बेंचटॉप साधी, टेबलावर मावणारी, टाइमलॅप्स आत कॅमेरा असलेली. ३७ अंश, गॅसचं प्रमाण वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात दोन्ही इन्क्युबेटर पास.

बेंचटॉपवर मी बरीच वर्षं काढली. छोटे कप्पे, झाकण मिटलं की तापमान झटकन जागेवर. तक्रार यंत्राची नाहीच, घड्याळाची आहे. इक्सी, म्हणजे अंड्यात सुईने शुक्राणू सोडणं, दुपारी एकला आटोपली की अंडं फळलं का ते बघायचा फर्टिलायझेशन चेक पहाटे सहाला. तेव्हा अंड्यात दोन प्रोन्यूक्लियस (आईचं आणि बापाचं केंद्रक) दिसायला हवेत; तीन असतील तर ते अंडं वापरायचं नाही. भ्रूणतज्ज्ञांच्या २०११ च्या इस्तंबूल सहमतीत १७ तास, त्यात एखादा तास पुढेमागे, एवढीच मुभा. मी नाशिक रोडला राहतो, लॅब गंगापूर रोडला. एकदा जानेवारीच्या थंडीत गजर बंद करून पुन्हा झोपलो, वर वाटेत द्वारका चौकाची गर्दी. डिश मायक्रोस्कोपखाली यायला साडेनऊ वाजले. सातपैकी दोन अंड्यांत प्रोन्यूक्लियस दिसेनात. झालेच नाहीत, की येऊन विरले? दोन होते की तीन? तीनवालंही दुसऱ्या दिवशी छान विभागलेलं असतं, वरून ओळखू येत नाही. ती दोन्ही अंडी वगळली. त्या बाईंची एकूण अंडीच सात होती.

टाइमलॅप्समध्ये ठरावीक मिनिटांनी फोटो निघत राहतो. नऊला या, चहा घ्या, फीत मागे फिरवून पहाटेचं बघा. डिश बाहेर काढायलाच नको.

याच फोटोंवरून एआय भ्रूणांना गुण देतं, त्या एआय स्कोअरचं मात्र मला फारसं अप्रूप नाही. हजारावर महिलांवरची चाचणी २०२४ मध्ये छापून आली: एआयने निवडलेल्या भ्रूणांत गर्भधारणा ४६.५ टक्के, माणसाने निवडलेल्यांत ४८.२. वेळ खूप वाचला, हे खरं. आमच्याकडे त्याचा उपयोग एवढाच, की एकाच भ्रूणाला मी ४एबी प्रत देतो आणि सहकारी ४बीबी, तेव्हा वाद लवकर मिटतो.

महिन्याला आठ-दहाच केसेस असतील आणि लॅबच्या वरच घर असेल, तर बेंचटॉप घ्या, काही बिघडत नाही. नाहीतर, माझं मत विचाराल तर, आधी टाइमलॅप्स घ्या. एआयचं लायसन्स पुढे बघू. फक्त कोटेशन घेताना डिशचा दर वेगळा मागा, त्या त्याच कंपनीच्या लागतात. माझा जुना बेंचटॉप विकलेला नाही. उद्या वापरायच्या डिश तयार होण्यासाठी रात्रभर त्यातच ठेवतो.