पुण्यात केलेले दातांचे इम्प्लांट : एक दाढ आणि एक कवळी

पडलेल्या किंवा काढाव्या लागलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवावे का, हा प्रश्न पुण्यातल्या अनेक घरांत आता नित्याचा झाला आहे. कोथरूड असो, औंध असो वा हडपसर, इम्प्लांटचे फलक सर्वत्र दिसतात आणि त्यांवरील किमतींत एवढी तफावत असते की कोणता आकडा खरा मानावा ते कळत नाही. आमच्या घरी हा उपचार दोन अगदी वेगळ्या गरजांसाठी करून घेतला. माझी उजवीकडची खालची पहिली दाढ मुळाशी तडकल्यामुळे काढावी लागली होती, आणि आईची खालची कवळी इतकी सैल झाली होती की ती चारचौघांत जेवायला बसणे टाळू लागली होती. दोन्ही कामे कर्वे रस्त्याजवळच्या एकाच दवाखान्यात झाली. स्क्रू कोणत्या देशात तयार झाला याची चर्चा लोक फार करतात. परंतु तो बसवण्याआधी किती तपासणी होते आणि बसवल्यावर किती वर्षे देखरेख राहते, यावरच या उपचाराचे बरेवाईट ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याची जाडी साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १३ मिलिमीटर असते. त्यावर ॲबटमेंट नावाचा जोडभाग येतो आणि जोडभागावर कॅप, म्हणजे प्रत्यक्ष दिसणारा दात. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि हाडाच्या पेशी त्याला थेट चिकटून वाढतात, ही गोष्ट स्वीडनचे पर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आली ती १९५२च्या सुमारास, सशांच्या हाडांवर संशोधन करताना. हाडात बसवलेला टायटॅनियमचा कक्ष त्यांना पुन्हा बाहेर काढता येईना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्या रुग्णाला चाळीस वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की धातू आणि हाड यांच्या या जोडणीला लागणारा वेळ दवाखान्याने कमी करण्यासारखा नसतो. खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या, तुलनेने मऊ हाडात त्याहून अधिक काळ थांबणे ही रूढ पद्धत आहे. ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती दिसतात. पुरेसे घट्ट हाड असेल आणि अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडून घेतले असतील, तर लगेच दात बसवण्याची पद्धत शास्त्रसंमत आहे. परंतु ती प्रत्येक तोंडासाठी नाही, आणि जाहिरातीत नेमके तेवढेच गाळलेले असते.

माझ्या दाढेसाठी प्रथम मी दुसऱ्या एका दवाखान्यात चौकशी केली होती. तेथे संपूर्ण जबड्याचा साधा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, पाहून त्याच दिवशी स्क्रू बसवण्याची तयारी दाखवण्यात आली, आणि आठवड्याच्या आत पैसे भरल्यास सवलत मिळेल असे सांगण्यात आले. मी तेथून निघाले. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचे टोक आणि त्या नसेची नळी यांत किमान २ मिलिमीटर अंतर राखावे असा संकेत आहे, कारण नस दुखावल्यास खालचा ओठ दीर्घकाळ, कधी कायमचा, बधिर राहू शकतो. सपाट एक्स-रेमध्ये हाडाची उंची ढोबळ मानाने कळते, रुंदी मुळीच कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो आणि पुण्यात तो अनेक ठिकाणी सहज होतो.

कर्वे रस्त्याजवळच्या दवाखान्यात पहिल्या भेटीत कोणतेही अवजार हाती न घेता केवळ बोलणे झाले, हे मला विशेष वाटले. डॉक्टर कृत्रिम दंतोपचाराच्या शाखेतील एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवीधर, आहेत आणि शस्त्रक्रियेच्या भागासाठी तोंडाच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ तेथे ठरावीक दिवशी येतात. आपल्याकडे इम्प्लांटची वेगळी एमडीएस शाखा नाही. कृत्रिम दंतोपचार, हिरड्यांचे विकार आणि तोंडाची शस्त्रक्रिया या शाखांतील मंडळी, तसेच पुढील प्रशिक्षण घेतलेले बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी असलेले, डॉक्टरही हे काम करतात. त्यामुळे पाटीवर ‘इम्प्लांट तज्ज्ञ’ असे लिहिलेले असले तरी त्यामागची पदवी आणि अनुभव विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. मी विचारले आणि सरळ उत्तर मिळाले.

त्यांनी ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दाताचा, पर्यायही तितक्याच गांभीर्याने मांडला. ब्रिज करताना रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करावे लागतात. माझे शेजारचे दोन्ही दात पूर्ण निरोगी असल्यामुळे त्यांनी इम्प्लांट सुचवले. ते दात आधीच रूट कॅनाल होऊन कॅप घातलेले असते तर ब्रिजच सुचवला असता, असेही त्यांनी स्पष्ट केले. ज्या दवाखान्यात प्रत्येक रिकाम्या जागेला एकच उत्तर मिळते, तेथे सावध राहावे असे मला वाटते.

स्कॅनमध्ये हाड पुरेसे निघाले. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातील मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. म्हणून इम्प्लांटचा विचार असेल तर दात काढण्यापूर्वीच तसे बोलून ठेवणे हिताचे असते. उशीर झाल्यास हाडाची भर घालावी लागते, वरच्या दाढांच्या जागी सायनसचे, म्हणजे दाढांच्या वर असलेल्या हाडातील पोकळीचे, आवरण उचलून तेथे हाड भरावे लागते, आणि त्यामुळे खर्च व काळ दोन्ही वाढतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया ही या सगळ्यातील सर्वांत सोपी बाब ठरली. जागा बधिर केल्यावर वेदना झाली नाही, फक्त दाब आणि कंप जाणवत होता. ड्रिल चालू असताना सलाइनची धार अखंड सोडली जात होती. हाड ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर तापले तरी त्याच्या पेशींना इजा होते, म्हणून ही खबरदारी असते. दोन दिवस सूज होती, टाके आठवड्याने निघाले. पुढचे महिने मात्र संयमाचे होते. मधल्या काळात त्या बाजूने कडक काही चावायचे नव्हते, कारण हाड धरत असताना स्क्रू अगदी सूक्ष्म प्रमाणात जरी हलत राहिला तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय पेशी वाढतात आणि सगळे काम वाया जाते.

कॅप बसवल्यानंतर एक त्रुटी आढळली. इम्प्लांटची दाढ आणि तिच्या पुढचा दात यांच्यामध्ये बारीक फट राहिली होती. जेवताना पालेभाजी तेथे हमखास अडकत असे आणि हिरडी दुखू लागली. ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले असते तर मी हे परीक्षण वेगळ्या शब्दांत लिहिले असते. डॉक्टरांनी मध्ये धागा घालून फट तपासली, कॅप काढून लॅबकडे परत पाठवली आणि जास्तीचे पैसे न घेता दुरुस्त करून बसवली. कॅप सिमेंटने न चिकटवता स्क्रूने बसवलेली असल्यामुळेच ती न तोडता काढता आली. शक्य तेथे स्क्रूने बसणारी कॅप मागून घ्यावी, असा माझा आग्रह राहील. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तेथे दाह होऊन हाड झिजू लागते, हा त्यातील आणखी एक धोका असतो.

आईचा प्रश्न वेगळा होता. वरची कवळी टाळूच्या आधाराने टिकते, खालच्या कवळीला तसा आधार नसतो. जीभ तिला सतत हलवते आणि वर्षे जातील तसा जबड्याचा कडा झिजून सपाट होतो. कवळी चिकटवण्याची पेस्ट लावूनही भाकरीचा तुकडा तोडताना ती उचलली जाई. संपूर्ण जबड्यात पक्के दात बसवण्याचा खर्च ऐकून आम्ही विषय जवळजवळ सोडला होता. तेव्हा डॉक्टरांनी खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात केवळ दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी घट्ट बसणारी कवळी असा मार्ग सुचवला. हा स्वस्तातला तडजोडीचा उपाय असावा असे मला प्रथम वाटले, परंतु पुढे वाचल्यावर कळले की २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सर्व दात गेलेल्या रुग्णांसाठी हाच पहिला पर्याय मानावा, असे एकमताने मांडले होते.

आईच्या बाबतीत दवाखान्याने दाखवलेली सावधगिरी मला सर्वांत मोलाची वाटते. तिला मधुमेह आहे आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी ती अनेक वर्षे गोळ्या घेत होती. “आजी, तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्यांत जबड्याचे हाड बरे न होण्याची गुंतागुंत क्वचित उद्भवते, आणि साखर ताब्यात नसेल तर जखम भरणे व हाड धरणे दोन्ही लांबते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी झाली, आकडा समाधानकारक नव्हता, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. आईला तेव्हा राग आला होता. आज ती ज्वारीची भाकरी आणि सोललेली काकडी समोरच्या दातांनी तोडून खाते, आणि लग्नकार्यात पंगतीला बसते. हा बदल मी रोज पाहते, म्हणून या उपचाराविषयी मनापासून चांगले लिहिते आहे.

उणिवाही आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो जिना जड जातो. शस्त्रक्रियेचे डॉक्टर बाहेरून येत असल्यामुळे ठरलेली वेळ दोनदा बदलली. आणि कवळीच्या बटणांमधील नायलॉनच्या चकत्या झिजतात व अधूनमधून बदलाव्या लागतात, हे आम्हाला कवळी सैल झाल्यावर कळले. ते लेखी अंदाजपत्रकातच असायला हवे होते.

अंदाजपत्रकाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण पुण्यात सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. फलकावरची किंमत पुष्कळदा केवळ स्क्रूची असते. ॲबटमेंट, कॅप, स्कॅन, हाडाची भर आणि मधल्या काळातील तात्पुरता दात हे सारे त्यावर वेगळे लागते. आम्हाला प्रत्येक बाब स्वतंत्र ओळीत लिहून मिळाली होती. कोरियन कंपनीचा स्क्रू आणि झिरकोनियाची, म्हणजे कठीण पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप धरून माझ्या दाढेचा एकूण खर्च पंचेचाळीस हजारांच्या आसपास आला. स्विस कंपनीचे इम्प्लांट घेतले असते तर तो बराच वाढला असता. स्ट्रॉमन किंवा नोबेल बायोकेअर या कंपन्यांच्या मागे अनेक दशकांच्या नोंदी आहेत, हे खरे. तरीही माझ्यासारख्या साध्या प्रकरणात तो वाढीव खर्च अनिवार्य आहे, असे मला वाटत नाही. कंपनी मात्र नामांकित आणि पुढेही सुटे भाग पुरवू शकेल अशी असावी. स्क्रूच्या वेष्टनावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असलेला स्टिकर असतो. तो चिकटवलेले कार्ड न मागता मिळाले, आणि मी ते आईच्या फाइलमध्ये इतर कागदांबरोबर ठेवले आहे. एका कंपनीचे ॲबटमेंट दुसरीच्या स्क्रूवर सहसा नीट बसत नाही. दहा वर्षांनी डॉक्टर निवृत्त झाले किंवा आपण गाव बदलले, तर त्या कार्डाशिवाय नवा डॉक्टर चाचपडत राहतो. आरोग्यविमा हा खर्च सहसा देत नाही. अपघातात दात गेल्यास काही पॉलिसींत अपवाद असतो.

इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून ते कायमचे, असे अनेकजण समजतात. त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड मात्र जिवंत असते, आणि नैसर्गिक दाताभोवती जे तंतूंचे आवरण असते ते येथे नसल्यामुळे संसर्ग झाल्यास तो खोलवर लवकर जातो. तंबाखू आणि मिश्रीची सवय न सोडणाऱ्यांत अपयशाचे प्रमाण वाढते; आमच्या डॉक्टरांनी आमच्यासमोर एका गृहस्थांना त्याच कारणासाठी थांबवले होते. मला दातांमधला बारीक ब्रश रोज वापरायला शिकवले गेले, आणि वर्षातून एकदा एक्स-रे काढून हाडाची पातळी मागच्या वर्षीच्या चित्राशी ताडून पाहिली जाते. पहिल्या वर्षानंतर ही झीज दर वर्षी ०.२ मिलिमीटरहून कमी असावी, अशी जुनी आणि आजही वापरली जाणारी कसोटी आहे.

ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपणार नाही, त्यांनी धनकवडीचे भारती विद्यापीठ, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील, कॅम्पातील आझम कॅम्पसमधले रंगूनवाला किंवा वडगाव बुद्रुकचे सिंहगड या दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि शुल्क साधारणपणे खासगी दवाखान्यांपेक्षा कमी असते. फेऱ्या अधिक होतात, प्रत्येक टप्पा वरिष्ठांकडून तपासून घ्यायचा असल्याने एकेका भेटीला अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि उपचार संपेपर्यंत विद्यार्थ्याचे शिक्षण पूर्ण होऊन तो निघून जाण्याची शक्यता असते. म्हणून आपले प्रकरण पुढे कोणाकडे सोपवले जाईल, हे तेथे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.