रिमोटवरचा सूर्य बघून एसी घेऊ नका

परभणीचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, पण इथली थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. मे महिन्यात ४४ च्या आसपास जाणारा पारा डिसेंबरात १० च्या खालीही येतो. आई ७८ वर्षांची. थंडीत तिचे गुडघे असे आखडतात की सकाळी उठून बसायलाही हात द्यावा लागतो. म्हणून मार्चमध्ये तुरीचे पैसे हाती आल्यावर ठरवलं, एसी घ्यायचा तर थंड-गरम दोन्ही करणाराच.

दुकानदाराने आधी नावाजलेल्या कंपन्यांचे दोन दाखवले, मग तिसऱ्यापाशी नेलं. त्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "जपानी टेक्नॉलॉजी आहे सर. जाहिरातीवर खर्च करत नाहीत, म्हणून स्वस्त पडतो." दीड टन, पाच स्टार, हॉट अँड कोल्ड, ३८ हजार. मी दोनदा विचारलं, गरम नक्की करतो ना? त्याने रिमोट हातात दिला, एक बटण दाबलं, पडद्यावर छोटा सूर्य आला. "हे काय, दिसतंय ना?" मला तेवढं पुरलं.

उन्हाळा कसाबसा निघाला. दुपारी खोली लवकर गार होत नव्हती, तर फिटिंगवाल्याने स्लॅबला दोष दिला. आम्हीही मानलं.

डिसेंबरात आईसाठी तो सूर्य लावला. अर्धा तास नुसतंच वारं आलं, तेही गार. आई म्हणाली, "बंद कर बाबा, अजून हुडहुडी भरली."

भाच्याचा मित्र एसी दुरुस्ती करतो. त्याने बाहेरच्या युनिटचं झाकण काढून मला जवळ बोलावलं. थंड-गरम एसीत कॉम्प्रेसरजवळ एक आडवी पितळी नळकांडी असते, एका बाजूला एक पाइप, दुसऱ्या बाजूला तीन. तीच गॅसची दिशा उलटवते आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणते. आमच्यात ती नव्हतीच. "काका, यात गरम करायची सोयच नाही. रिमोट काय, एकच रिमोट सगळ्या मॉडेलला देतात. सूर्य सगळ्यांवरच असतो." मग त्याने युनिटच्या बाजूची पट्टी पुसून वाचली: कूलिंग ४,७०० वॅट. एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॅट, दीड टनाला ५,२०० च्या आसपास हवेत. म्हणजे दीड टनसुद्धा खोटं. हीटिंगचा आकडा तर पट्टीवर नव्हताच.

ही पट्टी मी दुकानातच वाचायला हवी होती. खऱ्या थंड-गरम एसीवर कूलिंग आणि हीटिंग असे दोन वेगळे आकडे असतात. स्टारवरून हे कळत नाही, कारण ते फक्त थंड करण्याच्या कामावर दिलेले असतात. तेही खरे आहेत का, ते बीईई म्हणजे स्टार देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ॲपवर ब्रँड आणि मॉडेल नंबर शोधून बघता येतं. इन्व्हर्टर एसीलाही २०१८ पासून हे स्टारचं लेबल बंधनकारक आहे. आमचं मॉडेल तिथे सापडलं नाही, स्टिकर मात्र अगदी खऱ्यासारखं. अनोळखी ब्रँड असेल तर आणखी एक करा: वॉरंटी कार्डावरचा नंबर पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून लावून बघा. आमचा आता लागतच नाही.

दुकानदाराकडे गेलो तर त्याने बिल पुढे केलं. "एसी १.५ टन, १ नग. हॉट अँड कोल्ड कुठं लिहिलंय, दाखवा." मॉडेल नंबर नाही, सिरियल नंबर नाही. घेताना मी ते बिल घडी करून खिशात घातलं होतं, वाचलं नव्हतं. त्याचा त्रास पैशांपेक्षा जास्त होतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, मराठीत बोलता येतं. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. हातात पुरावा एकच आहे. मार्चमध्ये दुकानदाराने व्हॉट्सॲपवर एसीचा फोटो पाठवला होता, खाली त्यानेच लिहिलंय: "हॉट अँड कोल्ड, ३८००० फायनल". तो मेसेज मी तीन ठिकाणी जपून ठेवलाय.