गॅरेजच्या दाराचा कुजका तळ: एपॉक्सी भरायचं की नवी फळी जोडायची?

कोकणात पावसाळा संपला की लाकडी दाराचा खालचा वीतभर भाग हमखास मऊ पडलेला असतो. आधी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. टोक सहज आत गेलं, तर रंगाखालचं लाकूड कुजलंय.

खड्डा दोन-तीन बोटांएवढाच असेल तर एपॉक्सी पुटी (दोन भाग मिसळले की कडक होणारा भराव) सोयीची. दार उतरवावं लागत नाही, सुताराची हत्यारं लागत नाहीत. कुजका भुसा पटाशीने निघेल तेवढा खरवडायचा, दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणात मिसळायचे, भरायचं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारायचा. मात्र ओल्या लाकडावर ती नीट धरत नाही. शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, कडक पुटी तशी हलत नाही. मोठा भराव केला की कडेने चीर पडते आणि पाणी पुन्हा आत.

खालची अख्खी पट्टीच गेली असेल तर पुटीवर पैसे घालवू नका. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवा. तिरक्या कापामुळे डिंकाला जास्त जागा मिळते. डिंक पाण्यात टिकणारा हवा, स्क्रू स्टेनलेसचे. मेहनत दुप्पट, आणि करवतीवर हात बसलेला नसेल तर हा भाग सुतारालाच द्या.

काहीही निवडा, फळीच्या कापलेल्या टोकांना प्रायमर पाजाच. पाणी शिरतं ते तिथूनच, आणि रंगारी नेमकी तीच खालची कड सोडतात. दार जमिनीपासून बोटभर वर ठेवा.