चंद्रावरचा तळ, ११५० रुपयांत

नातीच्या वाढदिवसाला बडोद्याच्या मंगळबजारातल्या एका खेळण्यांच्या दुकानातून ‘मून बेस’चं किट आणलं. पातळ लाकडी फळीचे कापलेले तुकडे, प्लास्टिकचे तीन घुमट, एक रोव्हर (चंद्रावर फिरायची गाडी), चार सौर पट्ट्या आणि एक इवलासा दिवा. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं, तेव्हा किट त्याच नजरेनं तपासलं जाणार.

तुकडे सुबक कापलेत. खाचा एकमेकींत अशा बसतात की फेव्हिकॉल फारसा लागलाच नाही, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर दीड दिवसात तळ उभा राहिला. रोव्हरचं एक चाक कमी निघालं. दुकानदारानं ‘काका, लई जाव ने’ म्हणत दुसऱ्या खोक्यातलं काढून दिलं, बिलसुद्धा मागितलं नाही.

आता साइट. खोक्यावर लिहिलंय ‘चंद्राचा दक्षिण ध्रुव’. जागा बरोबर निवडली. माणसांना पुन्हा चंद्रावर न्यायचा नासाचा ‘आर्टेमिस’ बेत तिथलाच, चीन-रशियाचाही त्याच बाजूचा. तिथल्या खोल विवरांत ऊन कधीच उतरत नाही, पारा उणे २०० च्याही खाली, म्हणून बर्फ टिकून आहे. उलट काठावरच्या काही उंचवट्यांना वर्षाचा बराच काळ ऊन मिळतं. एरवी चंद्रावरची रात्र आपल्या १४ दिवसांची! पण ध्रुवावर सूर्य डोक्यावर चढत नाही. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे ऊन क्षितिजाला घासत चारी दिशांना फिरतं. म्हणजे पट्ट्या दोरीवरच्या चादरीसारख्या उभ्या हव्यात. किटमध्ये त्या आमच्या गच्चीवर टाकल्यासारख्या आडव्या. आम्ही आइसक्रीमच्या काड्या लावून उभ्या केल्या.

दुसरी चूक दाराची. बाहेरून आलेला माणूस थेट झोपायच्या खोलीत. अहो, जुन्या वाड्यातसुद्धा पाय धुतल्याशिवाय आत घेत नसत! आणि चंद्रावरची धूळ म्हणजे बारीक काच. तिथे वारा नाही, पाणी नाही, कणांच्या कडा झिजणार कशानं? डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे अंतराळवीर सर्नन आणि श्मिट चंद्रावर तीन दिवस राहिले, तेव्हा यानात आलेल्या धुळीनं श्मिट यांना गवताची ॲलर्जी व्हावी तसा त्रास झाला. इथे तर माणसं महिनोन् महिने राहायची. नातीनं काडेपेटीची ओसरी करून दाराला जोडली आणि त्यात पोशाख टांगायला टाचणी लावली.

पण माझा खरा जीव अडकला घुमटांत. तिन्ही पारदर्शक आणि उघडे. दिसायला छान, राहायला कठीण. वर हवेचं पांघरूण नाही, त्यामुळे किरणोत्सर्ग आणि बारीक उल्का सरळ छतावर. उपाय तिथल्याच मातीचा. चांद्रयान-३ नं २०२३ मध्ये मातीत तापमापक खुपसला, तेव्हा वर ५० च्या पुढे आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश निघाले. माती उष्णता इतकी छान अडवते. मग घुमटावर तिचा जाड थर नको?

सिमेंट न्यायचं तर किलोकिलोचा हिशोब. बंगळुरूच्या आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) आणि इस्रोच्या मंडळींनी २०२० मध्ये चंद्राच्या मातीसारख्या कृत्रिम मातीची वीट करून दाखवली. एक जिवाणू, युरिया, कॅल्शियम आणि चक्क गवारीचा डिंक! जिवाणू चुनखडीचे स्फटिक तयार करतो आणि ते कणांना सांधतात. भट्टी नाही, पाणी मारणं नाही. युरिया माणसाच्या लघवीतून काढता येईल, हे कळल्यावर नात दहा मिनिटं हसत होती.

जिवाणू कुठून आणणार? बेकरीचं सामान विकणाऱ्याकडून गवारगमची पुडी आणली, खडीच्या क्रशरची डस्ट (दगडाची भुकटी) आणली आणि घरातली मैद्याची चाळणी वापरली. (त्याबद्दल अजून ऐकून घेतोय.) खळीसारखा लगदा केला आणि घुमटांवर बोटभर थापला. वाळल्यावर कवच झकास झालं, नखानं उकरलं तरी निघेना. पण इथला श्रावण. पाचव्या दिवशी मधल्या घुमटावर पांढरी बुरशी! पुढच्या वेळी लगद्यात चुना घालीन.

सूचनापत्रकाबद्दल न बोललेलं बरं. चित्रं बघून जोडा. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक दुकानदाराचा. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना द्या, शेजारी मोठं माणूस असू द्या, कारण फळीच्या कडांची कुसळं बोटात जातात. दिव्याला दोन बटण-सेल लागतात, ते खोक्यात नसतात.